जेल फोडणाऱ्यांचं लिहून झालं, आत राहिलेल्यांचं कोण लिहिणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आपण उरुग्वेच्या त्या स्पॅनिश सिनेमाबद्दल छापलंत, 'ला नोचे दे दोसे आन्योस', बारा वर्षांची रात्र, त्याबद्दल आधी मनापासून आभार. सांगलीत बसून असलं काही आपल्या पेपरात वाचायला मिळालं ह्याचं फार बरं वाटलं. पण नंतर बुधवारी वाचकांची दोन पत्रं आली. एकांचं म्हणणं की सिनेमा फार स्लो आहे, दोन तास नुसती कोठडी, काही घडतच नाही. दुसऱ्यांचं म्हणणं की हे बंदुकवाले लोक, ह्यांचं कौतुक कशाला आणि आपला उरुग्वेशी संबंध काय. दोन्ही पत्रं वाचून राहवेना म्हणून लिहितेय. पत्र लांबेल, जागा असेल तेवढं छापा, फक्त शेवटची विनंती कापू नका.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उरुग्वे म्हणजे दक्षिण अमेरिकेतला छोटा देश, लोकसंख्या साधारण ३४-३५ लाख. आपल्या एकट्या सातारा जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ३० लाख होती, म्हणजे त्याच्यापेक्षा थोडीच जास्त. तिथं २७ जून १९७३ ला निवडून आलेल्या प्रेसिडेंटनंच, बोर्दाबेरी त्याचं नाव, फौजेला हाताशी धरून संसद बरखास्त केली आणि मग १९८५ पर्यंत फौजेचं राज्य. लोकसंख्येच्या मानानं जगात सगळ्यात जास्त राजकीय कैदी त्या काळात ह्याच देशात होते असं सांगतात. सत्तापालटानंतर दोन-अडीच महिन्यांतच, सप्टेंबर १९७३ मध्ये, तुपामारो नावाच्या बंडखोर संघटनेच्या नऊ पुढाऱ्यांना जेलमधून उचललं, तिघातिघांचे गट पाडले आणि पुढची जवळपास १२ वर्षं ह्या बराकीतून त्या बराकीत फिरवत ठेवलं, डोक्यावरनं तोंड झाकणारं टोपडं, बोलायचं नाही, वाचायचं नाही, माणसाचं तोंड दिसायचं नाही. बाहेर तुमच्या लोकांनी काही गडबड केली तर ह्यांना संपवू, अशी धमकी. म्हणजे हे कैदी नव्हतेच, ओलीस होते. सिनेमा त्यातल्या एका गटाचा आहे, होसे मुहिका, नाटककार मौरिसिओ रोसेनकोफ आणि एलेउतेरिओ फर्नांडेझ उइदोब्रो. मुहिका पुढं २०१० ते २०१५ त्या देशाचा प्रेसिडेंट झाला, उइदोब्रो संरक्षणमंत्री झाला, म्हणजे ज्या फौजेनं कोंडलं त्याच फौजेचा मंत्री.

आता दुसऱ्या पत्राला आधी उत्तर देते कारण ते जास्त गंभीर आहे. तुपामारो काही संत नव्हते, हे मला पूर्ण मान्य. त्यांनी बँका लुटल्या, माणसं पळवली, १९७० मध्ये डॅन मिट्रिओन ह्या अमेरिकन पोलिस सल्लागाराला पळवून ठार मारलं. त्याहून वाईट म्हणजे १९७१ च्या डिसेंबरात पास्कासिओ बाएस नावाचा साधा शेतमजूर चुकून त्यांच्या लपायच्या जागेवर जाऊन पोचला, हा बाहेर सांगेल म्हणून त्याला इंजेक्शन देऊन मारलं. गरिबांसाठी लढायला निघालेल्यांनी गरीबच मारला. ह्या माणसाबद्दल वाचल्यापासून मी ते विसरू शकत नाही आणि सिनेमा ह्या सगळ्यात शिरतच नाही, ही मला त्याची मोठी उणीव वाटते. दिग्दर्शक आल्वारो ब्रेक्नरनं ठरवून कोठडीचं दार लावल्यानंतरचंच दाखवलंय, त्याचा तो निर्णय, पण दोन-चार मिनिटं जरी त्यानं आधीचं सांगितलं असतं तर आपल्या पत्रलेखकासारख्यांना बोलायला जागा राहिली नसती.

पण म्हणून काय त्यांच्याशी जे केलं ते चालतं? गुन्हा केला असेल तर कोर्टात उभं करा, शिक्षा द्या, शिक्षा भोगायला लावा. १२ वर्षं उजेडाला पारखं करायचं, आईला पत्ता लागू द्यायचा नाही, एकटा ठेवून ठेवून डोकं फिरवायचं, ही कुठल्या कायद्यातली शिक्षा? आणि फौज सांगत होती की बंडखोरांमुळं आम्हाला सत्ता घ्यावी लागली, तर तेही खरं नाही. १९७२ संपेपर्यंत तुपामारोंचा कणा मोडलेला होता, बहुतेक सगळे पुढारी आत होते. सत्तापालट झाला त्यानंतर, १९७३ मध्ये. धोका संपला होता तेव्हा सत्ता घेतली. तुमच्याच रक्षणासाठी करतोय असं कुठलंही सरकार सांगायला लागलं की आधी तारखा बघाव्यात असं मला वाटतं.

संबंध काय म्हणता? ह्या संघटनेचा मुख्य माणूस राउल सेंदिक, तो पण त्या नऊ जणांत होता. कायदा शिकलेला माणूस, आणि त्यानं कामाला सुरुवात केली ती उरुग्वेच्या उत्तरेला ऊसतोड मजुरांची युनियन बांधून. तिथनं ते मजूर बायकापोरं घेऊन राजधानी माँटेव्हिडिओपर्यंत मोर्चे नेत. ऊसतोड मजुरांचा मोर्चा म्हटल्यावर सांगली-साताऱ्याच्या माणसाला आणखी काय समजावून सांगायचं? आपल्याकडं इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या पत्री सरकारनं नाही का सावकारांना, दरोडेखोरांना, पोलिसांच्या खबऱ्यांना शिक्षा केल्या, नाही का शेणोलीजवळ १९४३ मध्ये रेल्वे अडवून पगाराचा खजिना नेला? त्यातलं काय बरोबर काय जास्त झालं ह्यावर आमच्या गावात अजून पारावर वाद होतात. म्हणून त्या पत्री सरकारच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आपण पुसत नाही. इंग्रज आणि फौजी राजवट ह्यात फरक आहे हे मला समजतं, पण हत्यार उचललेल्या माणसाकडं कसं बघायचं हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही एवढंच म्हणायचंय.

आता पहिलं पत्र, काही घडत नाही म्हणणारं. माझं म्हणणं आहे की ह्या सिनेमात इतकं घडतं की मला मधे मधे थांबवून उठावं लागलं. एक प्रसंग सांगते. एका कैद्याला शौचाला नेलंय आणि हात बेडीनं वर अडकवलेला, त्यामुळं त्याला खाली बसताच येत नाही. तो सांगतो शिपायाला. शिपाई म्हणतो बेडी सोडायचा हुकूम माझ्याकडं नाही. मग तो वरच्याला बोलावतो, तो त्याच्या वरच्याला, असं करत करत संडासाच्या दारात अधिकाऱ्यांची गर्दी होते आणि सगळे गंभीर चेहऱ्यानं चर्चा करतात की ह्या माणसानं बसायचं कसं. एक माणूस तिथं उभा आहे, त्याला लागलेली आहे, आणि हुकूम नाही म्हणून किल्ली फिरवायची कुणाची हिंमत नाही. थिएटरात लोक इथं हसत असतील कदाचित, मला अजिबात हसू आलं नाही. बघताना माझ्या लक्षात आलं की तो शिपाई काही राक्षस नाही, साधा नोकरीवाला पोरगा आहे, आणि तरी तो किल्ली फिरवत नाही. हुकूमशाही म्हणजे वर बसलेला एक जनरल असं आपण धरून चालतो, पण ती अशा शेकडो पोरांच्या हातानं चालते ज्यांना साधी माणुसकी दाखवायला पण वरची परवानगी लागते.

आणि त्याच फौजेत दुसरा एक सार्जंट आहे ज्याला एका बाईवर प्रेम जडलंय पण पत्र लिहिता येत नाही. कैदी लेखक आहे समजल्यावर तो रोसेनकोफकडनं प्रेमपत्रं लिहून घेतो. ज्याच्याकडनं कागद काढून घेतला त्याच्याच हातात चोरून कागद द्यायचा. ह्या प्रसंगात किती गोष्टी आहेत बघा, सार्जंटची लाज, कैद्याला बोटात पेन धरायला मिळाल्याचा आनंद, बदल्यात मिळणारी छोटी छोटी सवलत. सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते ना, मग नाटककाराला लिहू न देणं म्हणजे काय हे आपल्याला सगळ्यांच्या आधी समजायला पाहिजे.

रोसेनकोफ आणि उइदोब्रो शेजारच्या कोठडीत, बोलायला बंदी, तर त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकून अक्षरं ठरवली. एकेक शब्दाला किती वेळ लागत असेल विचार करा. पण त्या ठोक्यांवर ते वर्षानुवर्षं बोलले. मुहिकाच्या वाट्याला तेही आलं नाही. तो एकटा पडला आणि त्याच्या डोक्यात आवाज यायला लागले, फौजेनं कोठडीत ऐकायचं यंत्र बसवलंय असं त्याला वाटायचं. पुढं त्यानं स्वतःच मुलाखतींतून सांगितलंय की मुंग्यांचं ओरडणं मला ऐकू यायचं. हाच माणूस प्रेसिडेंट झाल्यावर सरकारी वाडा सोडून आपल्या फुलशेतीवर राहिला, पगाराचा बहुतेक भाग वाटून टाकायचा, जुनी निळी फोक्सवॅगन चालवायचा. ते फोटो आपल्याकडं व्हॉट्सॲपवर साधा राष्ट्रपती म्हणून खूप फिरले, १३ मे २०२५ ला तो वारला तेव्हा तर सगळ्या ग्रुपवर तेच. पण ते फोटो फॉरवर्ड करणाऱ्या किती जणांना माहिती होतं की हा साधेपणा कुठनं आला? सतरंजी मिळाली तरी सुख वाटायचं अशा जागेत ज्यानं वर्षं काढली त्याला वाड्याचं काय कौतुक असणार.

त्याच्या आईचा प्रसंग मला सगळ्यात जास्त लागला. ती म्हातारी शोधत शोधत येते आणि समोर पोरगा असा हललेला, अंगात काही नाही, डोळे भिरभिरतायत. ती रडत बसत नाही. ती त्याला रागावते, हार मानायची नाही असं ठणकावून सांगते. अशी बाई आपल्याकडं वाळव्यात, खानापुरात घरोघर होती.

आता जे खरं सांगायचंय ते.

ह्याच तुपामारोंनी ६ सप्टेंबर १९७१ ला माँटेव्हिडिओच्या पुंता कारेतास जेलमधून भुयार खणून पळ काढला होता, एका रात्रीत १११ कैदी, मुहिका पण त्यात होता. जगातल्या मोठ्या जेलफोडींपैकी एक. दिग्दर्शकाला जबरदस्त थ्रिलर करता आला असता, भुयार, माती लपवायची, पहारेकऱ्याला चुकवायचं, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. ते सगळं सोडून तो दोन वर्षांनंतर सुरू करतो, पुन्हा पकडले गेल्यावर, जिथनं पळता येत नाही तिथनं. मला हा त्याचा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो आणि म्हणूनच पहिल्या पत्रलेखकाला काही घडत नाही असं वाटलं असणार.

आपण सांगली-साताऱ्याची माणसं तर जेलफोडीवरच वाढलो. २४ जुलै १९४३, वसंतदादा आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचं जेल फोडलं, खंदकात उड्या टाकल्या, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीला बळी पडले, दादांना गोळी लागली, ही गोष्ट शाळेत असल्यापासून तोंडपाठ. पुढच्या वर्षी सप्टेंबरात नागनाथअण्णा नायकवडी साताऱ्याच्या जेलची भिंत चढून निसटले, ती पण. दादा पुढं मुख्यमंत्री झाले. ह्या गोष्टींचा मला अभिमान आहे, कुणी वाईट बोललेलं मला खपणार नाही. पण जे निसटले नाहीत त्यांचं काय? १९४२ ते ४५ मध्ये आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं येरवड्यात, विसापुरात महिनोन्‌महिने बसून होती, त्यांनी उडी मारली नाही, गोळी खाल्ली नाही, फक्त दिवस काढले. त्यांच्यावर पोवाडा नाही. चौकात नाव नाही, ते एक वेळ सोडा, पण त्यांनी आत काय खाल्लं, रात्री काय केलं, कोण वेडं झालं, कोण माफी लिहून सुटलं आणि मग गावात कसं तोंड दाखवलं, हे कुठंच लिहिलेलं नाही.

माझा आज्जा त्यातलाच. येरवड्यात होता. घरी परत आला तो भाकरी मोडून आधी उजेडाला धरून बघायची सवय घेऊन. जेलच्या पिठात खडे आणि माती असायची, दात तुटायचे. आज्जी पीठ दोनदा चाळायची, एकदा बारीक चाळणीनं आणि मग कापडानं, आणि तरी तो रोज ताटात भाकरी आली की तुकडा मोडून दाराच्या उजेडाकडं धरणार आणि मगच तोंडात घालणार. म्हातारा होईपर्यंत. लग्नाकार्यात पंगतीतसुद्धा. आज्जीला त्याचा राग यायचा, पाव्हण्यांना वाटायचं हिच्या हातचं चालत नाही. जेलबद्दल तो एक शब्द बोलला नाही, आम्हाला जे काय माहिती ते आज्जीकडनं, आणि आज्जीला तरी किती माहिती, पोलिसांनी घरातली भांडी उचलून नेली होती, ती माहेरी जाऊन राहिली होती. आज्जा गेला, आज्जी गेली. विचारायचं राहिलेलं ते आता कायमचं राहिलं.

उरुग्वेत असं झालं नाही कारण तिथं त्यांनी लिहिलं. सुटल्यावर रोसेनकोफ आणि उइदोब्रो एकत्र बसले आणि एकमेकांशी बोलत बोलत, हा आठवतो तो आठवतो करत, कोठडीतल्या सगळ्या आठवणी कागदावर आणल्या. सिनेमा त्यावरच उभा आहे. त्या नवातला आडोल्फो वासेम सुटायच्या चार महिने आधी, नोव्हेंबर १९८४ मध्ये कॅन्सरनं कैदेतच गेला. हेन्री एंगलर पुढं स्वीडनला जाऊन मेंदूच्या आजारांवर संशोधन करणारा शास्त्रज्ञ झाला, ज्याचं डोकं बिघडवायचा प्रयत्न केला तो दुसऱ्यांच्या डोक्यांवर काम करायला लागला. बायकांना पण असंच ओलीस ठेवलं होतं १९७३ ते ७६ मध्ये, त्यांच्यावर असा मोठा सिनेमा अजून माझ्या बघण्यात नाही. पुंता कारेतास जेलचा तर तिथं १९९४ पासून मॉल झालाय, कपड्यांची दुकानं आणि खाण्याचे स्टॉल. भिंती राहिल्या नाहीत तरी चालतं, लिहिलेलं राहिलं म्हणून आपण सांगलीत बसून हे बोलतोय.

आपल्याकडं पत्री सरकारात लढलेल्या विट्याच्या हौसाताई पाटील २०२१ ला गेल्या, तसेच कुंडलचे कॅप्टन भाऊ २०२२ ला गेले. १९४२ ची पिढी जवळजवळ संपली. पण आणीबाणीची माणसं अजून आहेत. २५ जून १९७५ ला लागलेली आणीबाणी, देशभरात लाखाच्या वर लोक आत टाकले, आपल्या दोन्ही जिल्ह्यांतलेही होते, समाजवादी, संघवाले, डावे सगळे एकाच बराकीत. तिकडं फौज होती, इकडं फौज नव्हती, २१ महिने आणि १२ वर्षं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कुणी बरोबरी करू नये. पण खटला नाही, सुटायची तारीख नाही, घरी कमवणारा कुणी नाही, हे त्यांनी पण भोगलं. ते आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढं आहेत. सरकार त्यांना मानधन देतं म्हणजे नावांची यादी कलेक्टर ऑफिसात असणारच.

तर संपादक साहेब, माझी विनंती अशी. पुरवणीत आठवड्याला एक कॉलम द्या, तुरुंगात राहिलेल्यांसाठी. ज्यांनी फोडलं त्यांच्यासाठी नको, ते भरपूर झालंय. आणीबाणीतल्या माणसांकडं आपला वार्ताहर पाठवा आणि भाषण नको, जेवणात काय होतं, पत्र किती दिवसांनी यायचं, शेजारी कोण होता, घरी बायकोनं कसं भागवलं, एवढंच विचारा. बायकोला वेगळं विचारा, नवऱ्याच्या समोर नको. पक्ष कुठला ते बघू नका. ज्यांनी माफीनामा देऊन सुटका करून घेतली त्यांना पण विचारा, नाव न छापता, कारण त्यांचं दुःख सगळ्यात जास्त दडपलेलं असणार. बेचाळीसच्या लोकांची मुलं-सुना-नातवंडं ह्यांच्याकडं जे काय ऐकीव आहे, एखादं जेलचं पोस्टकार्ड आहे, तेही मागवा. मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते, लेखिका नाही, पण आज्जीकडनं ऐकलेलं दोन पानं लिहून द्यायला तयार आहे आणि माझ्या ओळखीत असे अजून तीन-चार जण निघतील.

दुसरी छोटी विनंती, हा सिनेमा मोबाईलवर इंग्लिश सबटायटल वाचत बघावा लागतो, सासूबाईंना मी तोंडानं सांगत बघितला. आपल्या पेपरनं रीतसर परवानगी काढून मराठी सबटायटल करून घेतले आणि भावे नाट्यमंदिरात एक शो लावला, तिकीट ठेवलं तरी चालेल, तर मी माझ्या भिशीच्या सगळ्या बायका घेऊन येते. बुधवारच्या दोन्ही पत्रलेखकांना पण बोलवा आणि शो झाल्यावर अर्धा तास बोलायला द्या.

पानं कुठं पाठवायची आणि कधीपर्यंत, तेवढं पेपरात छापा.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली